झुंबरबाईची टाळी

झुंबरबाईची खाट देवीच्या पारावर टेकवली, तेव्हा मी संबळाची वादी ताणत होतो. तिचा उजवा पाय लुळा पडला होता, पण कपाळावरचं कुंकू रुपयाएवढं.

"कडूबा, वाजव जल्दी," ती मला म्हणाली. "दिवस कलून राह्यला."

बदनापूरच्या बाजूला अंगात येणाऱ्या बाया काय कमी होत्या? पण दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेऊन नाचावं ते झुंबरबाईनंच. मी वाजवायचो, बाया गोल बसून टाळ्यांवर गाणं धरायच्या आणि ती मधे नाचता नाचता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायची. रझाकारांच्या धामधुमीतही आमचा मंगळवार चुकला नाही. उगीच फुशारकी मारत नाही, असं गाव तालुक्यात दुसरं नव्हतं.

आज जमलो होतो ते रखमाजीच्या तुळजाबाईसाठी. पोटचं लेकरू गेल्यापासून ती बोलत नव्हती, धड जेवत नव्हती. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, शरीरात रोग नाही, हिला माणसांत बसवा. एके काळी टाळी धरणाऱ्या बायांत पहिला हात हिचाच असायचा.

पण आता नाचायचं कोणी? झुंबरबाईनं उशाचे चाळ काढून सुनेच्या ओटीत टाकले. नंदाबाई रडायलाच लागली. "मला न्हाई जमायचं, आत्या."

"तू नाच. मी टाळी धरते," म्हणत म्हातारी लुळा पाय ओढत खाटेवरून खाली सरकली आणि तुळजाबाईला खेटून बसली.

तिथंच घोटाळा झाला. जन्मभर मधे नाचलेली बाई. टाळी तिनं कधी धरलीच नव्हती. एक आधी पडायची, एक मागून. गाणं विस्कटलं, नंदाबाईचे पाय अडखळले. पण झुंबरबाईला थांब म्हणायची छाती कोणाची? मी मनात म्हटलं, बुडाला आपला मंगळवार.

"मावशी, टाळी मागं पडून राह्यली."

आवाज घोगरा होता, पण तुळजाबाईचाच. पाराशी उभ्या रखमाजीनं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"मंग दाव की बराबर करून," झुंबरबाई म्हणाली.

तुळजाबाईनं म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि ठेक्यावर एकमेकांवर वाजवले. पुन्हा वाजवले. गाणं जुळलं, नंदाबाईचे चाळ बोलायला लागले. तुळजाबाई धाय मोकलून रडत होती, पण तिनं ठेका सोडला नाही. डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

माझेही नव्हते.