हळदीतलं इटालियन

पलूसच्या शिवांजलीला शेतीच्या यंत्रांचं शिकायला इटलीला जायचं होतं, आणि आडवी आली होती ती तोंडी परीक्षा. इटालियन क्रियापदं अक्षरं तोडून, जोर नेमका जागेवर देऊन म्हणायची. ही बया हटकून भलत्याच अक्षराला धरायची. ‘पार्लानो’ म्हणजे ‘ते बोलतात’. त्यात ठोका ‘पार्’वर हवा, तर ही मधल्या ‘ला’ला लोंबकळणार.

घरात रेंज नव्हती, म्हणून रोज दुपारी हळदीच्या बांधावर बसून तिची घोकंपट्टी चाले. खाली भांगलणाऱ्या बायांना ते सगळं फुकटात ऐकू येई. तीन आठवड्यांत त्यांच्याही तोंडात बसलं. पुढं तानुबाई, शिवांजलीची आत्या. आईमागं पोरीला तिनंच वाढवलेलं. पहिल्या अक्षराला खुरप्याचा घाव, उरलेली गवत उपटता उपटता. पार्! ला-नो. बायांचं कधी चुकलं नाही. शिकलेलीचं मात्र रोज चुकायचं, याचा शिवांजलीला भयंकर राग येई.

परीक्षाही त्याच बांधावरून द्यायची होती. त्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी शब्द दिला, ‘आबितानो’. शिवांजली पुन्हा भलत्याच अक्षराला लोंबकळली. “आ-बि-ताऽऽ...”

“आगं ए, ‘आ’वर हाण की!” तानुबाई सरीतनं ओरडली. पाठोपाठ अकरा खुरपी मातीत गेली. “आ! बि-ता-नो!”

संपलं सगळं, असं शिवांजलीला वाटलं. बाईंनी इंग्रजीत विचारलं, हे कोण? खोटं काही सुचेना. “माझ्या शिक्षिका,” ती म्हणाली. बाईंनी बायांना ते पुन्हा म्हणायला लावलं आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, आता तू एकटीनं.

तानुबाईनं तिच्या हातात खुरपं कोंबलं. शिवांजलीनं डोळे मिटून ते बांधावर हाणलं.

“आ! बि-ता-नो!”

पास!

बायांनी एकच गिल्ला केला. तानुबाई पदराला हात पुसत बांधावर चढली. “आता तरी सांग, म्हंजी काय हुतं त्ये?”

“ते राहतात.”

“कुठं?”

“कुठंही, आत्या. गावात... नायतर लांब, तिकडं.”

तानुबाईचं तोंड एवढंसं झालं. पोर खरंच जाणार, हे तिला आत्ता कळलं आणि डोळे भरून आले.

“आदी सांगायचंस की गं, सटवे,” ती म्हणाली. “‘ता’वरच हाणू दिलं असतं तुला.”