चेस्टरच्या कोटातला लाल डाग

"अगं बाई, रक्त! चेस्टरला रक्त येतंय!" चेस्टरची बहीण वांडा इतक्या जोरात किंचाळली, की मागच्या रांगेतल्या दोघांची कॉफी मांडीवर सांडली.

बर्नडीन गावलिक खुर्चीतून ताडकन उठली. तिचा नवरा मरून तीन दिवस झाले होते. उघड्या शवपेटीत, निळ्या सुटात, बोटांत जपमाळ गुंफून तो अगदी नीटनेटका पडलेला होता, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर काळजापाशी, लालभडक डाग पसरत चालला होता.

"जिवंत आहे!" कुणीतरी ओरडलं. "अरे, डॉक्टरला फोन करा!" दुसऱ्याने खरंच फोन काढला. फादर उभे राहिले, छातीवर क्रुसाची खूण केली आणि परत खाली बसले.

पेटीपाशी हॅनराहन थिजून उभा होता. निवृत्त बंबवाला, चेस्टरच्या हॉट डॉगच्या टपरीवरचं रोजचं बाराचं गिऱ्हाईक. हा सगळा उद्योग त्याचाच. हॉट डॉगवर भुरभुरायच्या सेलरीच्या मिठाची एक पुडी मित्राबरोबर स्वर्गात जावी, म्हणून त्याने ती कोटाच्या आतल्या खिशात कोंबायला हात घातला होता. आत आधीच काहीतरी होतं. त्याने जोर लावला. फच्च!

हॅनराहनने बोट नाकाशी नेलं. मग तीस वर्षं आगीत उड्या मारलेल्या त्या माणसाने ते चाटलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"केचप," तो म्हणाला.

चेस्टर मेला तेव्हासुद्धा एवढी शांतता पसरली नव्हती.

शिकागोत हॉट डॉगवर केचप कुणीच घालत नाही, पण चेस्टर त्यात सगळ्यांहून कडवा. खसखशीचा पाव, सॉसेज, मोहरीची पिवळी चटणी, काकडीची हिरवीगार चटणी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची फोड, दोन तिखट मिरच्या आणि वर सेलरीचं मीठ. संपलं! केचप मागितलं म्हणून त्याने ऐन निवडणुकीत एका नगरसेवकाला टपरीवरून हाकललं होतं. "डेट्रॉइटवाले वर खिमा ओततात, न्यूयॉर्कवाले आंबवलेला कोबी. ती माणसं अडाणी आहेत," तो म्हणायचा, "पण केचपवाला पापी." आठ वर्षांखालच्या पोरांना तेवढी सूट होती. पण केचपची पुडी त्यांनी समोरच्या पेट्रोलपंपावरून आणायची. पोर खात असेपर्यंत चेस्टर पाठ फिरवून उभा राहायचा.

हॅनराहनने खिशातून एकेक पुडी बाहेर काढली. एक फुटलेली, चार शाबूत.

बर्नडीन त्या पुड्यांकडे बघतच राहिली. दर गुरुवारी तीन वाजता चेस्टर "टायरमध्ये हवा भरून येतो" म्हणून निघायचा. हातात एक हॉट डॉग, "वाटेत खाईन." अकरा वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी तो बाहीवर लाल डाग घेऊन परतला होता. लिपस्टिकच असणार. बर्नडीनने तो मुकाट्याने गार पाण्यात धुतला होता. विचारलं काही नव्हतं, पण तेव्हापासून टपरीवर आलेल्या प्रत्येक लाल ओठांच्या बाईला तिने कांदा जरा जास्तच घातला होता.

बाई नव्हती. अकरा वर्षं, आणि बाई नव्हतीच!

तिला हसू फुटलं, तेही हुंदक्यासारखं. इतक्यात मागून कुजबुज आली, "म्हणजे चेस्टर स्वतःच..."

"माझ्या आहेत त्या," बर्नडीन म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"गारठा होता म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याचा हा कोट घालून बाहेर गेले होते. मी खाते केचप. पहिल्यापासून."

"माझ्या भावाच्या घरात?" वांडाचा आवाज चिरकला. "त्याच्या नाकाखाली?"

"एकेचाळीस वर्षं. त्याला पत्ता नव्हता."

"बिचारा! ह्या धसक्यानेच गेला असेल तो!"

हॅनराहनने सुटकेचा श्वास सोडला आणि मित्राच्या गार कपाळावर हात ठेवला. "माफ कर रे बाबा. क्षणभर मला वाटलं, तूच." बर्नडीनकडे मात्र त्याने बघितलं नाही.

गुरुवारी तिने टपरी उघडली. रांग होती, पण बोलणं नव्हतं. जो तो तिच्या हातांवर नजर ठेवून होता. बाराला हॅनराहन आला.

"बर्नी, राग मानू नकोस. पण माझा जरा दिसेल असा बनव."

"बघ की. डोळे फाडून बघ," ती म्हणाली आणि मिरच्या अशा मोजून ठेवल्या, जणू बायबलचा उतारा वाचत होती.

तीनला तिने खिडकी ओढली, एक हॉट डॉग बांधून घेतला आणि चेस्टरची जुनी गाडी पंपामागे, हवेच्या नळीपाशी नेऊन लावली. समोरचा कप्पा उघडला, तर आतून केचपच्या पुड्याच पुड्या बाहेर कोसळल्या. त्यांच्याखाली हात पुसायच्या ओल्या कागदी रुमालांचं पाकीट होतं. दुसरा डाग पडू नये म्हणून.

ती चालवायच्या जागेवरून उठून शेजारच्या सीटवर सरकली. एक पुडी फोडली, हॉट डॉगवर पिळली आणि आयुष्यात पहिल्यांदा केचपचा घास घेतला.

गोड. नुसतंच गोड.

"ह्याच्यासाठी?" ती रिकाम्या सीटला म्हणाली. "अरे मूर्खा, सांगायचंस तरी."

तिने तो नीट मधोमध तोडला. अर्धा स्वतः संपवला. उरलेला अर्धा कागदावर, त्यावर आणखी एक पुडी पिळून, त्याच्या जागेवर ठेवला.

मग ती खिडकीकडे वळली आणि त्याचं खाऊन होईपर्यंत पाठ फिरवून बसली.