छबूबाईच्या नावाची मूठ

श्रावणातल्या शनिवारी छबूबाईनं भिंती सारवल्या, चूल पोतारली. दरवर्षी या कामात पोरं पायात पायात यायची. यंदा हाकलायला कुणी उरलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर तापीकाठी मानमोडीचा ताप आला आणि नवरा, मोठा नवल, धाकटा उखा, तिघंही लागोपाठ गेले.

उद्या कानबाई बसायची. देवीचा नारळ सासूच्या सासूपासून याच घरात. त्याला नथ घालून पाटावर मांडायचं आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू दळून रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे आणि उरू द्यायचे नाहीत.

दुपारी धाकटी जाऊ सिंधुबाई टपकली. तिचं बिऱ्हाड वेगळं, माणसांनी भरलेलं.

"जीजी, तुन्हा घरमा आते माणूस नही. गहू कोन्हा नावना मोजशी? नारळ आमना घर देई टाक. सकाय लेवाले येसू."

बोलणं गोड, नजर मात्र नारळावर. छबूबाईला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली, कारण बाई बोलली ते खरंच होतं. नारळ गेला की घर कसलं, नुसत्या भिंती.

जाऊ गेल्यावर तिनं सूप पुढं ओढलं. सवयीनं पहिली मूठ टाकली ती मालकांची. दुसरी नवलची. तिसरीला हात थबकला. मेलेल्यांच्या नावाचा रोट नसतो. त्यांची पितरांची घागर अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, भरून झाली होती. तिनं गहू परत कोठीत ओतले. तो आवाज तिला सोसवेना. रिकाम्या सुपापुढं बसून ती पोटभर रडली.

मग डोळे पुसून तिनं मूठ भरली आणि मोठ्यानं म्हणाली, "ही छबूबाईनी." त्या घरात तिचं नाव कितीतरी दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. बाईच्या नावाची मूठ कुणी ऐकली नव्हती. नसेना का ऐकली! वर पाव मूठ घालून ती जात्यावर बसली.

रविवारी सिंधुबाई आली, तर नारळ नथ घालून पाटावर बसलेला, पुढं एकच रोट.

"हाऊ कोन्हा नावना?"

"मन्हा. मी जित्ती शे अजून."

सिंधुबाई देवीच्या पाया पडली आणि रिकाम्या हातानं परत गेली.

आरती करून छबूबाई एकटीच जेवायला बसली. रोटाच्या शेवटच्या तुकड्यावरून दोघा पोरांची मारामारी ठरलेली असे, आणि ती दोघांनाही धपाटे घाली. आज तिनं तो तुकडा बराच वेळ ताटात तसाच राहू दिला. कुणी ओढला नाही. मग, उरू द्यायचा नसतो म्हणून, तिनं तो खाल्ला.