आंदणाची सायकल

साहेब खोटं बोलले. गळ्यातला हारही न काढता, पहूरच्या भर मंडपात, माईक तोंडाशी धरून खोटं बोलले. "माता-भगिनींनो, तुमच्या या जुन्या सायकली भट्टीत जातील. यातला एक स्क्रूसुद्धा पुन्हा रस्त्यावर येणार नाही," असं म्हणाले आणि वर टाळ्याही घेतल्या.

भागाबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे दोन्ही हात हँडलवर होते.

भागाबाई शाळेत खिचडी शिजवते. घर गावाच्या या टोकाला, शाळा त्या टोकाला, म्हणून सायकल. तीही आंदणाची. लग्नात तिच्या आईनं, आक्काबाईनं, हंडा-कळशी-परातीच्या रांगेत एक लेडीज सायकल उभी केली, तेव्हा सगळा मांडव हसला होता. "नवरी काय पायडल मारत नांदायला जाणार का?" आक्काबाईनं कुणाला भीक घातली नाही. भांड्यांवर नावं घालणारा जळगावहून येऊन ओट्यावर बसला होता. पंगतीला भांडी गावभर फिरतात, कुणाची परात कुणाच्या घरात मुक्कामाला जाईल सांगता येत नाही, म्हणून नाव घातल्याशिवाय आंदण उंबऱ्याबाहेर पडत नसे. परातीचं काम संपल्यावर आक्काबाई त्याला म्हणाली, "आते हाई सायकलवर बी टाक."

"मावशी, सायकलवर काय भात वाढता का?"

"तू टाक. भांडं जाईल तर भात जाईल. सायकल गई तर पोर पायी चाली."

त्यानं हसत हसत मशीन टेकवलं. सीटखालच्या दांड्यावर, ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटली : भागास आक्काबाईकडून.

पुढे सीट बदलली, रिमा बदलल्या, चेन तर कितीदा. आईही गेली. राहिली ती फक्त सांगाड्यावरची अक्षरं, आणि एक घंटी, जी एकदा वाजली की खर्रर्र करून अडकायची. मग सायकलीची मान तडकली. हँडलखाली, जिथं सगळं वजन येतं, तिथंच. पुना वेल्डरनं एकदा जोडली, दुसऱ्यांदा जोडली. तिसऱ्या वेळी त्यानं चष्माच काढला.

"भागाबाई, आता नाही धरणार. ही मान कधीही सुटेल आणि तू तोंडावर पडशील. हिला सोड."

तेवढ्यात गावात साहेबांच्या सायकलवाटप योजनेची भोंग्याची गाडी फिरली : कामावर जाणाऱ्या बायांनी जुनी सायकल जमा करावी, नवी न्यावी. भागाबाईनं सायकल धुतली, हँडलला हळदकुंकू लावलं. पण मन काही मानेना. फुकट देणाऱ्या माणसाचा हात आधी उलटा करून बघायचा, ही तिची सवय. नवरा म्हणायचा, "तू देवाच्या प्रसादाचाही वास घेतेस."

मंडपात तिनं दोन गोष्टी पाहिल्या. बायांनी नवऱ्यांच्या, सासऱ्यांच्या दांड्याच्या सायकली आणल्या होत्या, त्या एका ट्रॅक्टरमध्ये फेकल्या जात होत्या. लेडीज सायकली मात्र वेगळ्या टेम्पोत, मध्ये गोणपाट घालून, ओरखडा न पडू देता. भट्टीत जाणाऱ्या लोखंडाची एवढी काळजी?

दुसरी गोष्ट घंटीची. ती टेम्पोवाल्याला म्हणाली, "भाऊ, तेवढी घंटी काढून घेते."

"नाही बाई. पूर्ण सायकल जमा करायची."

"वितळवायचीच आहे ना? घंटीनं भट्टी विझेल का?"

"नियम आहे."

"बरं. मग ऐकून ठेव, हिची मान गेलेली आहे. कुणाला बसू देऊ नको."

टेम्पोवाला हसला. "भट्टीत कोण बसतंय, मावशी?"

तिला नवी निळी सायकल मिळाली. ती खरोखर नवी होती. भागाबाईनं बोटाच्या पेरानं दांडा वाजवून पाहिला, नखानं रंग खरवडून पाहिला, काही सापडलं नाही. म्हणून संशय गेला असं नाही. पुढच्या महिन्यात त्याच साहेबांनी शाळेतल्या पोरींना गुलाबी सायकली वाटल्या. त्या दिवशी खिचडीबरोबर शिराही भागाबाईनंच केला. पोरी नाचत होत्या. या सायकलींना नख लावायचं तिला सुचलं नाही.

पोळा झाल्यावर ती धाकट्या बहिणीकडे, ज्योतीकडे, चाळीसगावला गेली. चहा घेत होती, तर गल्लीतून आवाज आला. ट्रिंग, आणि मग खर्रर्र.

भागाबाईनं कप खाली ठेवला.

ज्योतीची मेघा दारात येऊन थांबली. खाली गुलाबी झगझगीत सायकल. "मावशी, देख! मनी नवी सायकल. साहेबनी दिधी, फोटो बी काढा!"

"उतर."

"काब्र?"

"उतर म्हणते ना!"

तिनं सायकल ओढूनच घेतली. सीटखाली बोट फिरवलं. वरून रंग गुळगुळीत, पण रंगाखाली ठिपके होते. बोट त्या वाटेनं कितीदा गेलं होतं. दर दसऱ्याला, तेलाचं फडकं घेऊन.

"ज्योती, उलथणं आण."

"ताई, पोरले नवं भेटनं ते तुना पोटमा दुखस का?" ज्योती दारातूनच कडाडली. "तुले बी भेटनी ना निळी?"

ज्योतीचा नवरा प्रेमराज बाहेर आला. कापडाच्या दुकानात कामाला, माणूस सरळ, पण भित्रा. साहेबांना हार घालतानाचा त्याचा फोटो अजून त्याच्या मोबाइलवर होता. "ताई, खरडू नका हो. शाळेत विचारतील. पोरीचं नाव खराब होईल."

भागाबाईनं स्वतःच आत जाऊन उलथणं आणलं. मेघा रडायला लागली. गुलाबी रंगाची सालं निघाली, खाली जुना हिरवा रंग, आणि त्यात अक्षरं.

भागास आक्काबाईकडून.

ज्योती वाकली. वाचलं. आत गेली आणि परात घेऊन आली. परातीच्या काठावर तेच अक्षर, तोच वाकडा क : ज्योतीस आक्काबाईकडून. परात तिनं सायकलीवरच्या अक्षरांशेजारी धरली.

"आते मान देख," भागाबाई म्हणाली.

मानेवर पुट्टी भरून रंग मारलेला होता. उलथण्याचं टोक लावताच वाळल्या पिठासारखे तुकडे पडले. खाली पुनाची दोन वेल्डिंगं, आणि त्यांच्या मधोमध चीर. नख सरळ आत जाईल एवढी.

"मेघा, तू शाळेतून कशी येतेस?"

"पुलावरथीन," मेघा डोळे पुसत म्हणाली. "उतारवर पायडल मारनं नही पडस. मांगे मनी मैत्रीण रूपाली बसस."

प्रेमराजनं चिरेत नख घालून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "घरात ठेवून देऊ. गवगवा नको. मेघाला मी दुसरी घेऊन देतो."

"मेघाला घेशील," भागाबाई म्हणाली. "तुमच्याकडच्या बायांनी जुन्या जमा केल्या होत्या ना?"

"हो. शेजारच्या उषाताईंची तर कॅरिअरसकट गेली."

"त्या कुठं गेल्या असतील?"

पहूरच्या सायकली चाळीसगावात, म्हणजे ओळखणारं कुणी नाही. मग चाळीसगावच्या कुठं? भागाबाईला शिऱ्याचं पातेलं आठवलं, आणि गुलाबी सायकलींवर नाचणाऱ्या पोरी. तिनं सायकलीचं हँडल धरलं. "साहेब कुठं बसतात?"

साहेब जळगावच्या ऑफिसात असतात, हे प्रेमराजनंच सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोही त्यानंच आणला, मान खाली घालून. दोघी बहिणी मागं सायकल धरून बसल्या. ज्योतीच्या मांडीवर परात होती.

ऑफिसच्या आवारात साहेब गाडीकडे निघाले होते. भागाबाईनं सायकल आडवी घातली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे. हसले. "बाई, तुम्हाला नवी मिळाली ना? मग तक्रार कसली?"

म्हणजे ही तिचीच जुनी सायकल, हे त्यांनी ओळखलं होतं. काही सांगायच्या आधीच.

"तक्रार नाही," ती म्हणाली. तिनं सायकल स्टँडवर लावली आणि सीट पदरानं पुसली. "बसा."

"काय?"

"बसा हिच्यावर. आवारात एक फेरी मारा. नाहीतर तुमच्या पोरीला बोलवा, तिला बसवा. मी मागून धरते."

ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडलं. साहेबांनी मोबाइल कानाला लावला. पलीकडे कुणी नसावं, कारण ते बोलत काहीच नव्हते. ज्योती परात छातीशी धरून गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आवारातली माणसं थांबली.

"भट्टी कुठं आहे, साहेब? मला दाखवा," भागाबाई म्हणाली. "आज शाळा सुटली की पहूरच्या पोरी गुलाबी सायकलींवरून घरी निघतील. त्या कुणाच्या मोडक्या मानेवर बसल्यात? कोणती सायकल कोणत्या पोरीला दिली? फोन ठेवा आणि सांगा. शाळा सुटायच्या आत सांगा!"