लोखंडी दातातली कीड

डोणगावच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांकडे कुणी फिरकत नव्हतं. सगळी गर्दी कडुलिंबाखाली. तिथे दंतबाबा म्हणवणारा एक इसम पाण्यानं भरलेली पितळी परात घेऊन बसला होता. परातीत वीट, विटेवर निखारे, त्यावर पालथं गाडगं आणि गाडग्याच्या बुडातल्या भोकात बांबूची नळी. दुखणाईतानं अंगावर चादर घेऊन नळी तोंडात धरायची. बाबा निखाऱ्यावर कसलीशी चिमूट टाकून गाडगं झाके. धूर निघे, खोकला येई, आणि गाडगं उचललं की पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत. बाया तोंडाला पदर लावून मागे सरत.

"पाहा, हाडात घर करून बसली होती!" बाबा ओरडे. "डॉक्टर दात उपटते, आपण दात राखतो. मशीनले जे दिसत नाही, ते या धुराले दिसते!"

मी दातांची डॉक्टर. दवाखाना मेहकरला. तमाशा बघायला मी आले नव्हते. सकाळी माझ्या एका पेशंटच्या बायकोचा, राबियाचा फोन आला होता.

"मॅडम, यायचं तोंड सुजलं. तुमच्याकडे चला म्हटलं तर आयकत नाही. बाबानं कीड काढली, आता मोकळं झालं म्हणते. मले लय भेव वाटून राह्यलं."

तिचा नवरा युसूफभाई म्हणजे डोणगावच्या बँडचा क्लॅरिनेट. हे वाद्य वरच्या पुढच्या दातांवर टेकवून वाजवतात. मोटरसायकलवरून पडून त्याचा नेमका तोच दात गेला, तेव्हा मी इम्प्लांट बसवलं होतं: जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू, त्यावर दात. लग्नसराईत तो पुन्हा वाजवायला लागला, तेव्हा राबिया पेढे घेऊन आली होती. निघताना मी बजावलं होतं, स्क्रूला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सडते. दोन वेळा घासा, दातांच्या फटीतून बारीक ब्रश फिरवा, तंबाखूचा खर्रा सोडा, सहा महिन्यांनी दाखवा. तो एकदाच आला.

आता तो उरलेली कीड काढून घ्यायला रांगेत पुढेच बसला होता. त्यानं तोंडावरचा रुमाल काढला. सूज ओठावरून डोळ्याखाली चढली होती. वास दोन हातांवरून येत होता.

"युसूफभाई, उठा. आत्ताच्या आत्ता."

"आता दुखत नाही ना, डॉक्टरबाई. बाबानं माह्या लोखंडी दातातून लय कीड काढली."

"त्या दाताला मूळ नाही, नस नाही. कीड खाणार काय, स्क्रू?"

"मंग रक्त काऊन येत होतं?"

"तुम्ही तो दात घासत होता?"

"लोखंडाले काय घासाचं?"

असा राग आला! पण त्याला ओढून नेलं असतं, तरी दुखायला लागताच तो पुन्हा इथेच आला असता. गर्दीत माझे जुने पेशंट हिंमतराव उभे होते. मी त्यांच्या कानात दोन शब्द सांगितले. म्हातारा खुशीत पुढे झाला आणि डोक्यावरून चादर घेऊन विव्हळायला लागला, "मेलो रे बाबा, दाढ!"

चिमूट पडली, धूर झाला. गाडगं उचललं तर पाण्यात अळ्याच अळ्या.

"लय जुनी दाढ आहे!" बाबा गरजला.

हिंमतरावांनी चादर फेकली आणि आ वासला. आत एकही दात नव्हता. त्यांची कवळी माझ्या रुमालात होती.

सगळा बाजार खदखदून हसला. "हिरडीतली... हिरडीतली कीड होती ते," बाबा चाचरला. मी त्याच्या पिशवीतली चिमूट घेतली, निखाऱ्यावर टाकली आणि गाडगं झाकलं. नळीला तोंड कुणाचंच नव्हतं. तरी पाण्यात अळ्या आल्या.

"या रानातल्या काटेरी रिंगणीच्या बिया आहेत," मी म्हणाले. "तापल्या की फुटतात आणि आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो."

युसूफभाईनं एक अळी बोटावर घेतली. तिला बीचं टरफल अजून चिकटलेलं होतं. तो हसला नाही.

"मंग दुखणं काऊन थांबलं?"

"धुरानं जरा बधिर होतं. आतला पू थांबत नाही."

त्या गडबडीत बाबा पसार झाला. युसूफभाईला दवाखान्यात नेऊन मी एक्स-रे काढला. स्क्रूच्या दोन्ही बाजूंनी हाड खाल्लं गेलं होतं. पू काढला, औषधं सुरू केली, तरी दुसऱ्या दिवशी डोळा पुरता झाकला गेला आणि राबिया दवाखान्याच्या पायरीवरून हलेना. डोळा वाचला. स्क्रू मात्र काढावा लागला. नुसत्या बोटांनी फिरवला आणि निघाला.

मी तो धुऊन युसूफभाईच्या तळहातावर ठेवला. लखलखीत होता, कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"हा तं नवाच आहे," तो म्हणाला.

"हो. हाड गेलं."

"परत बसन का?"

"हाड भरलं तर. खात्री देत नाही."

यंदाच्या वराती क्लॅरिनेटशिवाय निघाल्या. तो बाबा आता दुसऱ्या कुठल्या बाजारात बसला असेल. तुमच्या गावी आला, तर त्याला एवढंच म्हणा: नळीला तोंड न लावता कीड काढून दाखव. आणि बसवलेल्या दाताभोवती रक्त दिसलं, तर दुखायची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा.