निळ्या बोटांच्या गल्लीतला चिमटा

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असले तरी माझा जीव काडेपेटीपेक्षा जरासाच मोठा. माझा जबडा उघडायचा, त्यात बोट सरकवायचे आणि थोडा वेळ गप्प बसायचे. आत लाल दिवा लागतो, तो बोटातून आरपार पाहतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे, तो आकडा माझ्या कपाळावर उमटतो. आकडा चौऱ्याण्णवच्या वर असला तर निवांत घरी जा, बराच खाली घसरला तर डॉक्टरांकडे चला. माझे काम एवढेच. पण ज्या दिवसांत मी ते केले, ते दिवस आठवले की आजही माझी छाती फुगते. मला छाती नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही फुगते.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. डोक्याला जाळीची टोपी घातलेल्या एका कामगार बाईने माझ्या पोटात दोन सेल बसवले आणि मी चालतो का, हे पाहायला स्वतःचे बोट पुढे केले. अठ्ठ्याण्णव! ती हसली आणि तिने मला खोक्यात ठेवले. ते मी पाहिलेले पहिले बोट. सगळे आयुष्य असे अठ्ठ्याण्णव मोजण्यात जाईल, असे मला तेव्हा वाटले होते. लहानपणी कुणाला काय वाटेल, याला काही धरबंध नसतो.

मग साथ आली. दुकानांतून माझी भावंडे हातोहात गेली. मी मात्र एका आरोग्यसेविकेच्या पिशवीत येऊन पडलो. तिला सगळे ताई म्हणत. पिशवीत एक वही, ताप मोजायचे यंत्र, साबणाच्या वड्या आणि मी. ताईंच्या वाट्याला रंगाऱ्यांची गल्ली आली होती.

गल्ली कसली, ती दोन भिंतींमधली फट होती! एका खोलीत सात-सात माणसे राहत. एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. नळ एकच, आणि त्यालाही पाणी दिवसातून दीड तास. ताईंना वरून एक कागद मिळाला होता. त्यावर लिहिले होते, "एकमेकांत सहा फुटांचे अंतर ठेवा." त्यांनी तो गल्लीच्या तोंडाशी चिकटवला, दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे पाहिले आणि गुपचूप काढून पिशवीत घातला. गल्लीच मुळी पाच फुटांची होती.

प्रत्येक घरामागे निळीचा एक हौद होता. त्यात कापड बुडवायचे, वर काढायचे, वाऱ्यावर धरायचे, पुन्हा बुडवायचे. हे काम उघड्या हातांनीच करावे लागे. हातमोजे घातले तर कापडाने रंग किती घेतला, हे बोटांना कळत नाही म्हणे. म्हणून तिथल्या सगळ्यांची बोटे नखांपासून मनगटापर्यंत निळी. पायात मात्र गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कारण जमीन सदा ओली. आणि डोक्यावर दोऱ्याच दोऱ्या, त्यांना चिमट्यांनी लावलेली कापडे. मला पिशवीतून काढताच एक आजी म्हणाली, "अगं बाई, हा तर कपड्यांचा चिमटा!" झाले. त्या गल्लीत मला दुसरे नाव कधी मिळालेच नाही.

पहिल्याच सकाळी माझ्यावर आभाळ कोसळले. एका घरात तीन भाऊ होते, तिघेही धडधाकट. ताईंनी एकाचे बोट माझ्या जबड्यात घातले. माझ्या कपाळावर आकडा आला, पंच्याऐंशी. दुसऱ्याचा चौऱ्याऐंशी, तिसऱ्याचा शहाऐंशी. ताईंनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. तासाभरात दवाखान्याची गाडी आली आणि तिघांना विलगीकरणात घेऊन गेली. जाताना थोरला ओरडून सांगत होता, "अहो, मी आत्ता चाळीस बादल्या पाणी ओढलंय! आजारी माणूस ओढेल का?" ऐकते कोण? आकडा माझा होता ना!

नऊ दिवसांनी तिघे परत आले. तिथे ते दोन वेळ जेवले, पत्ते खेळले, आणि त्यांना काहीएक झाले नव्हते. पण इकडे त्यांचा हौद मरून गेला होता. निळीचा हौद रोज ढवळावा लागतो, रोज त्याची विचारपूस करावी लागते, नाहीतर तो सडतो. सगळी नीळ ओतून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा दारे धडाधड बंद झाली. आतून आवाज आला, "तो खोटारडा चिमटा घेऊन आमच्या दारात येऊ नका!"

खोटारडा! मित्रांनो, मोजणाऱ्याला यापेक्षा मोठी शिवी नाही. आठवडाभर मी पिशवीच्या तळाशी साबणाच्या वड्यांखाली पडून होतो. मला खूप वाईट वाटले. मी तर जे दिसले तेच सांगितले होते. मग चुकले कुठे?

हा प्रश्न ताईंनाही झोपू देत नव्हता. एके दुपारी त्या त्याच तीन भावांच्या अंगणात गेल्या आणि म्हणाल्या, "मला नव्या हौदात एक बोट बुडवू द्या." भावांनी हौदावरचे झाकण काढले. ताईंनी डाव्या हाताचे बोट बुडवले, वाळवले, असे चार वेळा केले. मग मला उजव्या बोटाला लावले. अठ्ठ्याण्णव. डाव्या बोटाला लावले. सत्त्याऐंशी!

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुमचं डावं अंग लई आजारी दिसतंय."

सगळे खो-खो हसले. ताईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "चूक चिमट्याची नाही, माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोटांवरच्या निळीतून त्याला आरपार दिसत नाही. मी आकडा वाचला, पण तुमचं बोट पाहिलंच नाही. तुमचा हौद माझ्यामुळे गेला. मला माफ करा." भर अंगणात, दहा जणांच्या देखत त्या हे बोलल्या. आपली चूक असे चारचौघांत कबूल करणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. त्या दिवसापासून मी ताईंचा झालो.

मग स्वच्छ बोट शोधायचे कुठे? उत्तर सगळ्यांच्या बुटात होते. पायाचा अंगठा! आणि मग, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस सुरू झाले. सकाळी नळावर पाय धुवायची रांग लागे. कुणाच्या अंगठ्याचे नख वाकडे, कुणाला गुदगुल्या होत, कुणाचा पाय इतका गार की आकडा उमटायला मला दोनदा प्रयत्न करावा लागे. वासाबद्दल मी बोलणार नाही, मला नाक नाही हे माझे भाग्य. पण एकेका अंगठ्यावर खरे आकडे उमटत होते. दोन आजारी माणसे मी वेळेवर शोधली. ताई प्रत्येकानंतर मला कापसाने पुसत आणि पुढच्या दारात नेत. बंद झालेली दारे एकेक करून उघडत होती.

फक्त एक माणूस बूट काढेना. तो म्हणजे वस्ताद.

वस्ताद म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने रंगारी. त्यांची ख्याती होती ती नाकासाठी. हौदावर वाकून ते एक लांब श्वास घेत आणि सांगत, "आज नको, उद्या." किंवा, "झाला तयार, टाका कापड." सगळी गल्ली त्यांच्या नाकावर चाले. ताई दारात गेल्या की ते हौदाच्या कठड्याला टेकून उभे असत आणि बोट पुढे करत. आकडा येई ब्याऐंशी. ते हात उडवून म्हणत, "रंग आहे तो. तुम्हीच सांगितलंत ना?" आणि आजूबाजूचे हसत. ताई म्हणत, "वस्ताद, बसा ना घडीभर, बूट काढा." ते म्हणत, "मी उभाच बरा. तुम्ही पुढची घरं बघा."

रंगामुळे आकडा खोटा येतो, हे गल्लीला शिकवले कुणी? आम्हीच! आता तेच शिकलेले आमच्या आड येत होते. तीन दिवस ताई त्या दारातून रिकाम्या हाताने परतल्या.

चौथ्या दिवशी वस्तादांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, ताईंना नळापाशी गाठले. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "काल यांनी हौद तयार आहे म्हणून सांगितलं. कापड चिखलासारखं निघालं. हौद आंबला होता हो. असा वास सुटला होता की शेजारीण नाक दाबून गेली. आणि हे त्यावर वाकले, तरी यांना कळलं नाही!" त्यांनी ताईंचा हात धरला. "परवा चुलीवर भाजी करपली. हे बाजूलाच होते. चकार शब्द नाही."

ताईंनी हातातली बादली खाली ठेवली. वास जाणे ही त्या आजाराची खूण होती, हे त्यांना ठाऊक होते. "दम लागतो का त्यांना?" त्यांनी विचारले.

"बसले की उठवत नाही त्यांना," काकू म्हणाल्या. "म्हणून तर दिवसभर उभे असतात."

दोघी जवळजवळ धावतच गेल्या. वस्ताद नेहमीच्या जागी, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. ताई काही बोलायच्या आत काकू पुढे झाल्या आणि चाळीस वर्षांत जो आवाज कुणी ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाल्या, "बसा!"

वस्ताद बसले. काकूंनी स्वतः त्यांचा बूट ओढून काढला. आतला पाय गोरापान होता, रंगाचा एक थेंब त्यावर नव्हता. ताईंनी तो पाय हातांनी चोळून ऊबदार केला आणि मला अंगठ्याला लावले.

मित्रांनो, असे वाटले की यावेळी तरी माझे चुकावे. लाल दिवा लागला. मी पुन्हा पुन्हा पाहिले. मग जे दिसले ते सांगितले. ऐंशी.

"पायाला रंग नाही, वस्ताद," ताई हळूच म्हणाल्या.

ते श्वासाश्वासाला थांबत म्हणाले, "आठ दिवस झाले. कशाचाच वास येत नाही. ताई, हे कुणाला सांगू नका. नाक गेलेला वस्ताद... काय कामाचा?"

तेव्हा मला सगळे उमगले. त्यांना मरणाची भीती नव्हती. भीती होती ती गल्लीत किंमत जाण्याची. आणि त्यासाठी ते जीव घालवायला बसले होते.

गाडी आली. गल्ली तिच्यासाठी अरुंद, म्हणून तोंडाशीच उभी राहिली. तिन्ही भावांनी वस्तादांना खुर्चीसकट उचलले. दारादारांतून माणसे पाहत होती. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. गाडीत चढवताना वस्तादांनी हात वर केला. "थांबा जरा." भावांनी खुर्ची खाली ठेवली. त्यांनी जमेल तेवढा मोठा आवाज काढला.

"माझं नाक गेलंय. आठ दिवस... लपवलं मी. आणखी कुणाचं गेलं असेल, तर बूट काढा. लाजू नका."

एवढे बोलून ते दमले. गाडी गेली. मग एका दारातून बूट काढल्याचा आवाज आला. मग दुसऱ्यातून. त्या दुपारी अकरा जण स्वतःहून पुढे आले. तीन भावांतला थोरलाही त्यांत होता! त्याला चार दिवस कशाचा वास येत नव्हता, आणि पुन्हा नेतील या धाकाने तो गप्प होता. अकरापैकी सहांचे आकडे घसरलेले निघाले. माझे सेल संध्याकाळपर्यंत संपत आले, दिवा मंद झाला, पण शेवटचा अंगठा मोजेपर्यंत मी मिटलो नाही. मला चिमटा म्हणणारी ती आजी त्या सहांत होती, आणि ती परत आली नाही. तिचा आकडा मी उशिरा पाहिला, याची रुखरुख मला आजही आहे. बाकीचे पाच परत आले.

वस्तादही परतले, अठरा दिवसांनी, काठी टेकत. त्यांचे नाक काही पूर्वीसारखे झाले नाही. दुसऱ्या दिवशी ते हौदापाशी गेले आणि त्यांनी सुनेला हाक मारली. "वाक," ते म्हणाले. "लांब श्वास घे. काय वाटतं?" सून घाबरत वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. "आज नको," ती म्हणाली, "उद्या." सगळे वस्तादांकडे पाहू लागले. ते म्हणाले, "ती उद्या म्हणते, तर उद्याच." दुसऱ्या दिवशी त्या हौदातून जे कापड निघाले, ते पाहायला ताई मुद्दाम थांबल्या होत्या. मीही त्यांच्या हातात होतो. इतका गडद निळा रंग मी तोवर पाहिला नव्हता.

आता साथ सरली आहे. मी दवाखान्याच्या खणात असतो. माझे सेल काढून ठेवलेत, आणि ते योग्यच आहे, कारण आत राहिले तर ते गळतात आणि माझ्यासारख्यांचा जीव घेतात. तुमच्या घरी माझे एखादे भावंड पडून असेल तर त्याचेही तेवढे करा. त्याचा आकडा वाचण्याआधी समोरचे बोट नीट पाहा. आणि एक लक्षात ठेवा. मी रक्तातला प्राणवायू मोजू शकतो, पण माणसाने मनात लपवलेला आजार मला दिसत नाही. तो ज्याचा त्यालाच सांगावा लागतो. वस्तादांसारख्या मोठ्या माणसाला ते सांगायला आठ दिवस लागले. मित्रांनो, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा.