जीपच्या तळाचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी जीप आहे. धुळ्यातल्या एका तंत्रशाळेच्या आवारात उभी असते. वय झाले आहे, पण माझ्या तळाचा पोलादी पत्रा मी आजही अभिमानाने दाखवते.

१९८३ साली मी कारखान्यातून निघाले तेव्हा डोक्यावर नुसते कापडी छत होते. सीमेवर जवान वाहिले, भाजीची पोतीही वाहिली. पुढे रस्त्यांत सुरुंग पेरले जाऊ लागले. आधी माझ्या तळाशी वाळूची पोती अंथरली. मग आमच्या वर्कशॉपमधल्या तोताराम वेल्डरने मला चहूकडून जाड पत्रे चढवले. तो धुळ्याचा, माझा चालक चुडामण दोंडाईचाचा; दोघे आपसांत अहिराणीच बोलत.

पण मी फार जड झाले. चढावर धापा टाकू लागले, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तुटू लागले.

“हाई गाडी चालत नही. पत्रा काढी टाक,” चुडामण वैतागून म्हणाला.

“दारना काढस. खालना नही,” तोताराम म्हणाला.

त्याने दारे हलकी केली, पाटे वाढवले आणि तळाचा पत्रा होडीच्या बुडासारखा वाकवला, म्हणजे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना निघून जाईल. वर्कशॉपच्या साहेबांना खात्री वाटेना.

“साहेब, मी स्वतः मागे बसतो,” तोताराम म्हणाला.

तो रोज बसला. अठराव्या दिवशी माझ्याखाली सुरुंग फुटला. पुढचे चाक उडून शेतात पडले. चुडामणचा डावा कान कायमचा बहिरा झाला, पण दोघेही आपल्या पायांनी बाहेर आले. साहेबांनी वाकून माझ्या पत्र्याचे माप घेतले. नंतर तसे पत्रे आणखी तीन जीपना लागले.

मी मात्र भंगारात गेले. चार पावसाळे कोणी फिरकले नाही. निवृत्त होऊन तंत्रशाळेत शिकवू लागलेल्या तोतारामने मला लिलावातून इथे आणवले.

गेल्या वर्षी चुडामण पत्नीला, भिकुबाईंना, घेऊन आला. त्या खाली बसल्या, पत्र्यावरून हात फिरवला.

“भाऊ, हाऊच का तो पत्रा?” त्यांनी तोतारामला विचारले.

“हाऊच, अक्का,” तो म्हणाला.

त्यांनी पदराने पत्र्यावरची धूळ पुसून काढली.

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर वेल्डिंगने सांधे जोडायला शिकता, याचा मला आनंद आहे. उडालेला रंग पुन्हा देता येतो. सांधा मात्र असा जोडा, की त्या गाडीत बसायला तुम्ही स्वतः कचरणार नाही.